एक इंची सेन्सर की १/१.५६ इंची? दोन्ही वापरून झाल्यावर

फोनच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार वेगळा आणि मेगापिक्सेल सारखे अशी जोडी मिळाली तर तुलना करायला मजा येते, कारण मग मेगापिक्सेलवरून वाद घालायला जागाच राहत नाही. सोनीचा आयएमएक्स९८९ आणि सोनीचाच आयएमएक्स८९०, दोन्ही ५० मेगापिक्सेलचे, पण पहिल्यात एकेक पिक्सेल १.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दुसऱ्यात १ मायक्रॉनचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण क्षेत्रफळ काढलं तर पहिला दुसऱ्याच्या अडीच पट भरतो. पहिला म्हणजे तो गाजलेला एक इंची, २०२२ ला शाओमी १२एस अल्ट्रामध्ये आलेला (एक इंची म्हणतात, पण कर्ण साधारण १६ मिलिमीटरच आहे). दुसरा १/१.५६ इंची, वनप्लस ११ मध्ये होता, पुढे नॉर्ड ३ सारख्या स्वस्त फोनांतही आला. आमच्या घरात या दोन्ही मापांचे फोन आहेत. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण मला जे खटकलं तो कुठल्या कंपनीचा दोष नाहीच, तो लेन्स आणि अंतराचा हिशोब आहे.

आधी रात्रीचं, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो. इथे एक इंची पुढे आहे, त्यात दुमत नको. विसर्जन मिरवणुकीत ढोलवाल्या पोरांचे हात थांबत नाहीत, मागे ट्रॅक्टरवर एलईडीचा झगमगाट आणि पोरांचे चेहरे मात्र अंधारात, अशा वेळी मोठ्या सेन्सरला प्रकाश जास्त मिळतो म्हणून शटर लवकर मिटवता येतं आणि टिपरू निदान टिपरू म्हणून ओळखू येतं. छोट्या सेन्सरमध्ये तिथे नुसती पांढरी रेघ उमटते, आणि नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोत येणारे दाणे, घालवायच्या नादात सॉफ्टवेअर चेहऱ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत करून टाकतं. व्हॉट्सॲपवर बघाल तर फरक कळणार नाही, लॅपटॉपवर उघडलात तर कळेल.

माणसांच्या फोटोतही मोठाच सरस. बॅकग्राउंड आपोआप धूसर होतं, पोर्ट्रेट मोड लावायची गरज पडत नाही, त्यामुळे झुमक्याची कडी गायब झालीय किंवा सुटे केस कात्रीने कापल्यासारखे दिसतायत असले प्रकार होत नाहीत. छोट्या सेन्सरला हे सगळं सॉफ्टवेअरवर सोपवावं लागतं, कधी जमतं कधी फसतं.

दिवसा उजेडात? माझ्या डोळ्यांना तरी फारसा फरक दिसला नाही. दोन्ही फोन चार चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात, रंग कसे येतात ते कंपनीच्या प्रोसेसिंगवर आहे, सेन्सरवर नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल मग प्रश्नच मिटला, एक इंची घ्या. मीही तसंच म्हणत होतो. पण माझ्या रोजच्या फोटोंमध्ये निम्मे फोटो कागदांचे असतात. मुलाच्या वहीचं पान शाळेच्या ग्रुपवर टाकायचं, लाइटबिल, सोसायटीची नोटीस, आईच्या औषधांची चिठ्ठी मेडिकलवाल्याला पाठवायची, हेच चालू असतं. आणि कागद जवळून घेतला की मोठ्या सेन्सरचा जो गुण माणसांच्या फोटोत आवडला होता तोच इथे आडवा येतो. फोकसमध्ये राहणारा पट्टा इतका पातळ होतो की फोन जरासा तिरपा झाला तरी वरच्या ओळी कोरून काढल्यासारख्या आणि खालच्या ओळी पुसट. त्यात लेन्सचं शार्पनेस कडेला तसंही कमी पडतं. एकदा मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून फोनच केला, की काका शेवटचं औषध अर्धी गोळी आहे की एक, अक्षर लागत नाहीये. मी फोटो मोठा करून बघितला तर डॉक्टरांचं नाव, तारीख, पहिल्या तीन गोळ्या स्वच्छ, आणि खाली कोपऱ्यात जिथे डोस लिहिला होता तिथे निळी शाई पसरल्यासारखी दिसत होती. औषधाच्या बाबतीत हे चालत नाही हो.

याला उपाय नाहीत असं नाही. जरा मागे सरकायचं आणि टू एक्स झूमवर घ्यायचं, हा त्यातल्या त्यात बरा, पण तेव्हा सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी जे पैसे मोजले त्यातला बराचसा फायदा तिथेच गेला. दुसरं म्हणजे फार जवळ गेलं की फोन आपणहून अल्ट्रावाइडवर, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या शेजारच्या कॅमेऱ्यावर, जातो (याला ऑटो मॅक्रो म्हणतात), स्क्रीनवरचं चित्र टुणकन उडी मारतं, आणि संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात त्या अल्ट्रावाइडचा बारीक सेन्सर अक्षरं गिचमिड करून टाकतो. ते ऑटो मॅक्रो बंद करा म्हणाल तर फोकसच लागत नाही. शाओमी १४ अल्ट्रामध्ये एफ/१.६३ पासून एफ/४ पर्यंत ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, बदलता येतं (आकडा मोठा तितकं भोक लहान आणि फोकसचा पट्टा जाड), ते मात्र या दुखण्यावरचं खरं औषध, पण तो फोन सगळ्यांच्या बजेटमधला नाही.

१/१.५६ वाल्या फोनवर तोच कागद मी चहाचा कप एका हातात धरून काढतो आणि चारही कोपरे वाचता येतात. कास पठारावर फुलं बघायला गेलो होतो तेव्हाही हेच. सीतेची आसवं इतकी नाजूक असतात की जवळ गेल्याशिवाय काही दिसत नाही, आणि एक इंचीत एक पाकळी लख्ख आणि तिच्या मागचा देठ धुक्यात, छोट्या सेन्सरमध्ये अख्खं फूल आणि शेजारचं गेंदाचं फूलही ओळखू आलं. काहींना ते धुकंच आवडेल, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण मला फूल कुठलं ते नंतर पुस्तकात बघून शोधायचं असतं.

दोन्हीच्या मधला पर्याय हवा असेल तर १/१.२८ इंची आहे. विवोने एक्स१०० प्रो मध्ये एक इंची दिला होता, एक्स२०० प्रो ला मात्र ते १/१.२८ वर आले. कारण त्यांचं त्यांना माहीत, पण मला तरी हे माप समजूतदारपणाचं वाटतं. फक्त ॲपर्चर किती आहे तेही बघा, लेन्स जितकी उघडी तितका फोकसचा पट्टा परत पातळ होत जातो.

तर ज्यांचे फोटो मुख्यतः रात्रीचे, माणसांचे, फिरायला गेल्यावरचे, त्यांनी एक इंची जरूर घ्यावा, पस्तावणार नाहीत. पण घरात फोन एकच असेल आणि त्याच्याकडूनच झेरॉक्स मशीनचंही काम करून घ्यायचं असेल तर १/१.५६ वालाच घ्यावा. मी स्वतः तोच खिशात ठेवतो, दुसरा लग्नकार्याला बाहेर निघतो. दुकानात गेलात की डेमो फोनने झाडाचा, माणसाचा फोटो काढून बघताच, त्यासोबत काउंटरवरचं बिलबुक उघडं ठेवून वीतभर अंतरावरून एक फोटो काढा, फोन थोडा तिरपाच धरा, आणि मोठा करून खालच्या कोपऱ्यातला जीएसटी नंबर वाचता येतोय का ते बघा.