लॉनवरचे गोल डाग आणि १०० ग्रॅमची पुडी

तळेगावला आमच्या घरापुढे ८०० चौरस फूट मेक्सिकन लॉन आहे. गेल्या श्रावणात त्यावर बशीएवढे पिंगट गोल डाग पडले. नर्सरीवाल्याने फोनवरच निदान केलं, "मॅडम, गवताला भूक लागलीय, युरिया टाका." टाकला. आठवड्यात बशीची परात झाली.

मग मूठभर गवत पिशवीत घालून कृषी सेवा केंद्र गाठलं. काउंटरवरच्या मुलाने डागाच्या कडेची एक काडी नुसती ओढली. ती अलगद सुटून आली, बुडाशी तपकिरी, कुजकी. "ताई, ही रायझोक्टोनिया बुरशी. आधी युरिया बंद करा, तो तिचा खुराक." त्याने कार्बेन्डाझिम १२ टक्के अधिक मॅन्कोझेब ६३ टक्के अशी बुरशीनाशक पावडर दिली. १०० ग्रॅमची पुडी, शंभर रुपयांच्या आसपास. पुडीवर भुईमूग, भात, बटाटा आहे, लॉनचं नावच नाही, हेही त्यानेच दाखवलं. बटाट्याच्या सालीवर काळ्या खपल्या आणते ती बुरशी हीच, म्हणून देतो म्हणाला. न विचारता एवढं सांगणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला.

प्रमाण लिटरला २ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०. पुडीत चमचा नाही, फोडली की पुन्हा बंद होत नाही आणि पावडर भुरभुर उडते. मास्क-हातमोजे नसतील तर हात लावू नका. पहिल्यांदा थेट पंपात ओतली, तर नोझल तीनदा तुंबला आणि आमच्या ह्यांनी पंप खाली ठेवून सरळ चहा मागितला. दुसऱ्या खेपेला मगभर पाण्यात कालवून जुन्या ओढणीतून गाळली.

दुसरी खेप लागली, कारण पहिल्या फवारणीवर तासाभरात सर आली. आभाळ न बघता मारलं, चूक माझीच. नंतर उघडीप बघून, स्टिकर (औषध पात्याला चिकटवणारं द्रावण) घालून पुन्हा मारलं.

आता गुणाचं. डागांच्या नारिंगी कडेला मी अगरबत्तीच्या जळक्या काड्या रोवल्या होत्या. पंधरा दिवसांनीही डाग काड्यांच्या आतच, कडेची नारिंगी झाक गेलेली. औषधाचं काम एवढंच. मेलेलं गवत त्याने हिरवं होत नाही, बाजूचे फुटवे आत शिरले तरच जागा भरते, आणि मेक्सिकन म्हणजे गोगलगाय! आमचे डाग बुजायला दिवाळी उजाडली. शेजारच्या काकांनी मात्र आठव्या दिवशीच "बोगस औषध" म्हणून पुडी फेकली.

पावसाळ्यात पिथियम नावाच्या बुरशीसारख्या दुसऱ्या जिवाची एक तेलकट, काळपट सडही होते. तिच्यावर कार्बेन्डाझिमचा उपयोग नाही, मेटॅलॅक्झिलवालं औषध लागतं. तेव्हा आधी गवत दाखवा, मग पैसे मोजा. शिवाय दर वर्षी हेच मारलं तर बुरशी सरावते, म्हणून यंदा त्याच मुलाने अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन हे वेगळ्या गटातलं बुरशीनाशक सुचवलंय.

पुडीला पाचपैकी चार तारे. एक पुडीच्या पॅकिंगपायी कापला. युरियाची अर्धी पिशवी गॅरेजात पडून आहे, तळेगावात कुणाला हवी असेल तर घेऊन जा.