फेटचं ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी’ – एफवायच्या प्रॅक्टिकलआधी एक तास

९ व्होल्टची बॅटरी आणि प्रत्येकी १० ओहमचे तीन बल्ब. ‘अ’ बल्ब बॅटरीशी एकसर, त्याच्यापुढे ‘ब’ आणि ‘क’ एकमेकांना समांतर. आता ‘ब’ काढला तर ‘अ’ आणि ‘क’च्या उजेडाचं काय होईल? किरचॉफच्या नियमांची (सर्किटमधली धारा आणि व्होल्टेज काढायच्या) गणितं सोडवून आलेली मुलंही इथे हमखास अडखळतात. बॅटरी कायम तेवढीच धारा सोडते, हा समज सूत्रं पाठ करून जात नाही. तो घालवायला कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या फेट प्रकल्पाचं हे मोफत सिम्युलेशन फार कामाचं आहे.

वरचं सर्किट त्यात दोन मिनिटांत जोडून होतं. एकूण रोध १५ ओहम, धारा ०.६० अँपिअर, ‘अ’वर ६ व्होल्ट, बाकी दोघांवर ३-३. ‘ब’ काढला की रोध २० ओहम, धारा ०.४५ अँपिअर, आणि उरलेल्या दोघांवर ४.५-४.५ व्होल्ट. म्हणजे ‘अ’ मंदावतो, ‘क’ उजळतो. पण हे दाखवण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज कारणासकट वहीत लिहून घ्या, शेजाऱ्याशी वाद घालू द्या, मगच बल्ब काढू द्या. हा क्रम उलटला की मुलं नुसती क्लिक करत बसतात आणि तास फुकट जातो.

‘लॅब’ पडद्यावर बॅटरीचा अंतर्गत रोधही बदलता येतो. तो ५ ओहम ठेवून बाहेर १० ओहमचा रोध जोडा: ९ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर ६ दाखवतो. टर्मिनल व्होल्टेज (धारा देत असताना बॅटरीच्या टोकांवर उरणारं व्होल्टेज) समजावायला याहून सरळ वाट नाही. अंतर्गत रोध पुन्हा शून्यावर आणला आणि अमीटर चुकून बॅटरीला समांतर जोडला तर बॅटरीतून ज्वाळा निघतात. खऱ्या टेबलावर याच चुकीत मीटरचा फ्यूज उडतो. ही चूक इथेच मुद्दाम करायला लावावी.

दोन गोष्टींवर मात्र शिक्षकाने बोलायलाच हवं. पडद्यावर इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, त्यांची दिशा रूढ धारेच्या (बॅटरीच्या धन टोकाकडून ऋण टोकाकडे मानलेल्या) उलट असते. रूढ दिशेचे बाण हवे असतील तर पर्याय बदलावा लागतो. वेगही डोळ्यांना दिसावा म्हणून वाढवलेला आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर धारा असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर सरकतात. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? हा प्रश्न वर्गात यायलाच हवा, कारण सगळे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच हलू लागतात हे याच चित्रात छान दिसतं.

फेट २००२मध्ये कार्ल वाइमन यांनी सुरू केला; २००१च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. याच किटच्या जुन्या आवृत्तीवर कोलोरॅडोत झालेला अभ्यास २००५मध्ये छापून आला. प्रयोगाच्या तासाला खऱ्या तारांऐवजी सिम्युलेशन वापरलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खरं सर्किट जोडण्यात आणि त्याचं स्पष्टीकरण देण्यातही सरशी केली होती. फेटच्या अनेक सिम्युलेशनचे मराठी अनुवादही आहेत. फाइल एकदा उतरवून ठेवली की नेट नसलं तरी अडत नाही. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तारांची टोकं जुळवताना वैताग येतो. दोघांत एक लॅपटॉप बरा.

तरी जर्नलमधली रीडिंग यावरून घेऊ देऊ नका. इथे संपर्क सैल होत नाही, मीटरला शून्य त्रुटी (काही न जोडताही काटा शून्यावर नसणं) नाही, आणि साधा बल्ब ओहमचा नियम तंतोतंत पाळतो. टंगस्टनच्या खऱ्या फिलामेंटचा रोध तापल्यावर थंड असतानाच्या दहापट होऊ शकतो. म्हणून सिम्युलेशनवर सरळ रेषेचा आलेख काढून झाला की त्याच बॅचला टेबलावर १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब द्या, अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने रीडिंग घ्यायला लावा आणि रेषा का वाकली ते त्यांनाच शोधू द्या.