कॅन्सर तपासणी शिबिराच्या नावाखाली आमच्या गावातून १,१०,९०० रुपये गेले

आधी आकडा लिहिते, म्हणजे पुढे कोणी कमी-जास्त सांगायला नको. तपासणी फी प्रत्येकी ८५० प्रमाणे ६४ बायकांचे ५४,४००. शिबिराच्या खर्चाला म्हणून बचत गटाच्या खात्यातून ११,०००. नंतर ‘संशोधन प्रकल्पा’ची नोंदणी म्हणून सात जणींचे प्रत्येकी ६,५०० प्रमाणे ४५,५००. एकूण १,१०,९००. यातले माझ्या स्वतःच्या पदरचे २०,३५०. सातातल्या दोघींकडे पैसे नव्हते. मी म्हटलं, मी भरते, छाटणी सुरू झाली की मजुरीतून द्या. आता कुठल्या तोंडाने मागू?

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडवर चालणारं. गटाची सचिव मी. माणसाला गावात आणलं मी, बायकांना घरोघरी जाऊन सांगितलं मी, पैसेही माझ्याच हाताने गोळा झाले. म्हणून हे मलाच लिहायला हवं.

शिकली-सवरलेली बाई कशी फसली, असं तोंडावर विचारणारे भेटतात. त्यांना एकच सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, तरी अंगावर लाल जायचं, आणि आठ महिने त्या घरात एका शब्दाने बोलल्या नाहीत. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने त्यांना परळला टाटामध्ये नेलं ते मीच. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहिलो, तिथे आपल्या भागातली इतकी माणसं भेटली की वाटलं निम्मा जिल्हा इथेच आहे. उशीर झाला, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्या गेल्यापासून गावात दुसऱ्या कुणाला उशीर होऊ द्यायचा नाही, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. ‘कर्करोगमुक्त गाव’ असा बोर्ड घेऊन कोणी दारात आला, तर मी त्याला चहा देणार नाही तर काय करणार?

एका ट्रस्टचा म्हणवणारा चाळिशीचा माणूस, इन केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलताना प्रत्येक वाक्यात ‘ताई’. एका थेंब रक्तात सात प्रकारचे कॅन्सर कळतात, बाहेर याला १,२०० लागतात, महिला गटाला ८५०. फाइलमध्ये जिल्ह्याच्या एका कार्यालयाचं पत्र होतं, त्यावर गोल शिक्का, नंबर, तारीख. मी ते बघून निश्चिंत झाले. तो शिक्का आवक विभागाचा होता. म्हणजे यांनी परवानगीचा अर्ज टाकला आणि कार्यालयाने तो घेतला, एवढाच त्याचा अर्थ. परवानगी दिल्याचं पत्र वेगळं असतं, त्याला जावक क्रमांक असतो आणि अधिकाऱ्याची सही असते. हा फरक ध्यानात ठेवा. असे शिक्के दाखवून लोक गावंच्या गावं फिरतात.

श्रावणातला रविवार होता. देवळासमोरचा हॉल मिळाला, पुढाऱ्यांनी फीत कापली, फोटो झाले. (ज्यांचे फोटो झाले ते आता म्हणतात, आमचं नाव कुठे घेऊ नका.) ॲप्रन घातलेल्या दोन पोरी रक्त घेत होत्या. दुपारी दोनच्या सुमाराला मी थर्माकोलचा डबा उचलून खिडकीकडे सरकवला, कारण त्यातलं पाणी सतरंजीवर सांडत होतं. बर्फ पार वितळला होता. आत साठेक नळ्या एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या आणि त्यातल्या एकाही नळीवर नाव नव्हतं. चिठ्ठी नाही, नंबर नाही, पेनाची खूणसुद्धा नाही. मी पोरीला विचारलं, अगं, कुणाचं कुठलं कसं कळणार? ती म्हणाली, मॅडम, लिस्टप्रमाणे नंतर लेबल लावतो. आणि मी “बरं” म्हटलं.

त्या “बरं”चा मला आजही संताप येतो. चार घरांचं दूध एका किटलीत ओतल्यावर कुणाचं कुठलं सांगता येत नाही, हे आमच्या डेअरीवरच्या शाळकरी पोरालाही कळतं. मी तो डबा दोन्ही हातांनी धरला होता. तिथेच आरडाओरडा केला असता, पैसे परत घेतले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण त्याच दुपारचं दुसरं एक आहे आणि ते याहून वाईट आहे. आमच्या शेजारच्या मावशी रांगेत होत्या. वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षं मिश्री लावतात. त्यांच्या गालात आतून चट्टा पडला होता, तिखट लागलं की आग व्हायची. रक्त दिल्यावर मावशी त्या पोरीला म्हणाल्या, “पोरी, हितं गालात बघ की जरा, दोन म्हैनं झालं बरं हुईना.” पोरगी म्हणाली, “मावशी, रक्तात येईल सगळं.” मी शेजारीच उभी होते. मीच मावशींचा दंड धरून म्हटलं, चला मावशी, मागच्यांना येऊ द्या.

बारा दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट आले. मावशींचा निरंक. नऊ जणींचा ‘धोका’, त्यात मी. त्या नऊ जणींना त्या माणसाचे फोन सुरू झाले. घाबरू नका ताई, लवकर सापडलं हेच नशीब, मुंबईच्या डॉक्टरांचं संशोधन चालू आहे, औषध मोफत, फक्त नोंदणी ६,५००. दोघींच्या घरच्यांनी नको म्हटलं, त्या वाचल्या. आम्ही सात जणींनी भरले. बदल्यात पिवळसर भुकटीच्या ९० पुड्या आणि ‘९० दिवसांत कर्करोगाच्या पेशी नष्ट’ असं छापलेला कागद. सही घेतलेला फॉर्म सगळा इंग्रजीत. गणपतीत मी रोज रात्री ती पुडी कोमट पाण्यातून घेत होते आणि माझ्यामागे पोरांचं कसं होईल याचा विचार करत होते. एका बाईने तर मंगळसूत्र गहाण ठेवायची तयारी केली होती.

डिसेंबरात मावशींना भाकरी चावेना. सुनेने त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी म्हटलं, तोंड उघडा, आणि बॅटरी मारली. अर्ध्या मिनिटाचं काम. लगेच मिरजेला पाठवलं, तुकडा काढून तपासला, गालाचा कॅन्सर. श्रावणात गेल्या असत्या तर चार महिने हाताशी मिळाले असते. सून म्हणत होती, मी मागे लागले होते, पण सासूबाई म्हणायच्या, रिपोर्टात काही नाही आलं, उगं कशाला खर्च.

तो रिपोर्ट मॅडमनी हातात घेतला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. पी.एस.ए., नॉर्मल. म्हणाल्या, ही प्रोस्टेटची तपासणी आहे, ही ग्रंथी पुरुषांना असते, तुमच्या ६४ बायकांची कशी तपासली? मी घरी येऊन सगळे रिपोर्ट काढले. प्रत्येकावर ती ओळ. ‘धोका’वाल्या नऊ जणींपैकी चौघींचा सी.ए. १२५ चा (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो) आकडा दशांशापर्यंत एकच, ४१.७. आणि मॅडमनी हेही सांगितलं की ही तपासणी खऱ्या लॅबमध्ये केली असती तरी धडधाकट बाईला कॅन्सर आहे की नाही ते तिच्यावरून ठरत नाही. पाळी चालू असताना, पोटात काही सूज असतानाही तो आकडा वाढतो. एका थेंबात सात कॅन्सर म्हणणारा तिथेच खोटा धरा.

संशोधनाचंही ऐका, कारण या शब्दाला आपली माणसं दबतात. खरं संशोधन आपल्या शेजारीच झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने आणि टाटाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. खेड्यापाड्यातल्या, आपल्यासारख्याच. २००९ मध्ये तो छापून आला. एकदा एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) तपासणी केलेल्या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बायकांना कोणी नोंदणी फी मागितली नव्हती. औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याने पैसे भरायचे नसतात, संमतीपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत लागतं, चाचणी नीट आहे का ते बघणारी एथिक्स कमिटी लागते, आणि देशातली प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून नोंदवावी लागते, ती मोबाईलवर कुणालाही बघता येते. पैसे मागितले की ते संशोधन नव्हे. आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, १९५४ पासून त्याचा कायदा आहे. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

आता ज्यांनी मदत करायची त्यांचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी नंबरवर फोन केला, नोंद घेतली, पण पैसे जाऊन तीन महिने झालेले. हा नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, तासाभरात, तर पुढे अडवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेत गेले. ज्या क्यूआर कोडवर पैसे पाठवले त्यावर ट्रस्टचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. स्क्रीनवर ते नाव मला दिसलं होतं, पण फोनवर तो म्हणाला, आमचे अकाउंटंट आहेत. बँकेतला साहेब म्हणाला, तुम्हीच पिन टाकलात ना? मग आम्ही काय करणार?

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेले तेव्हा तीन तास बाकावर. मग एक हवालदार म्हणाले, प्रत्येकी ८५० ची केस करायची का बाई? मी म्हटलं, एक लाख दहा हजार नऊशे. तर म्हणाले, मग ६४ जणींना घेऊन या, वेगवेगळे जबाब लागतील. शेतात मजुरीला जाणाऱ्या ६४ बायका दिवसभर ठाण्यात कोण बसवणार, त्यांची हजेरी कोण देणार? दुसऱ्यांदा नऊ जणींना नेलं, तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा सांगितलं, ट्रस्टचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, तिथे जा. हे खोटं आहे. नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. माझ्या भाच्याने ते छापून दिलं, मी टेबलावर ठेवलं. त्यावर उत्तर काय, तर “पैसे तुम्हीच गोळा केलेत, जास्त ओढाल तर पहिलं नाव तुमचंच येईल.” मी घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. ज्या बाईचे स्वतःचे २०,३५० गेले तिला हे ऐकवायचं? त्या माणसाचा फोटो, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, खात्याचा नंबर, सगळं दिलंय. यापलीकडे मी काय त्याला धरून आणून द्यायचा?

त्या आवक शिक्क्याच्या कार्यालयात गेले. खाजगी शिबिर आहे, आमचा संबंध नाही. मग तुमच्या शिक्क्याचं पत्र घेऊन तो फिरतोय, त्याला एक नोटीस तरी काढा? म्हणे, लेखी द्या. पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक होता तोही तपासला, तो भलत्याच संस्थेचा निघाला. पैसे देण्याआधी हा नंबर धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर टाकून बघा, पाच मिनिटं लागतात. मी बघितला डिसेंबरात.

आणि ज्याचे आम्ही ८५० मोजले ते गावातच फुकट आहे, हे कळल्यावर जास्त लागलं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तोंडाची, बायकांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत करायची सरकारी योजना आहे. आशाताईला विचारा, कुठल्या दिवशी होते. होत नसेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर दाखवा. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात जा, लाजू नका, माझ्या जाऊबाई लाजल्या. मिश्रीचा डबा घरात असेल तर आजच उकिरड्यावर टाका.

मावशींचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, एक रुपया लागला नाही. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. योजनेचा नंबर १५५३८८. मंजुरी करून देतो म्हणणारे एजंट हॉस्पिटलच्या दारातच भेटतात, त्यांना काही देऊ नका. मावशींच्या सुनेकडे एकाने ५,००० मागितले होते, ती माझ्यामुळे शहाणी झाली होती, दिले नाहीत.

विकिरणं (रेडिएशन) झाल्यावर मावशींचा जबडा आखडला. आईसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि रोज एकेक वाढवायची, असा व्यायाम दिलाय. परवा गेले तेव्हा नऊ काड्या जात होत्या. पातळ पेज चमच्याने घेतात. मला बघून त्या हातानेच ‘बस’ म्हणाल्या. मला त्यांच्यासमोर बसवत नाही, पण जाते.

सोमवारी पुन्हा ठाण्यात जाणार आहे, सहावी खेप. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव, कुठेही असं थेंबभर रक्ताचं शिबिर झालं असेल आणि तुमच्याही रिपोर्टवर बायकांच्या नावाखाली पी.एस.ए. लिहिलेलं असेल, तर रिपोर्ट आणि पावती फाडून टाकू नका. आपल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, एकटीने द्या नाहीतर दहा जणींनी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. पहिल्या तीन खेपांना मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझ्याकडे पाच खेपांच्या दोनच पोच आहेत.