मस्टँग जीटीचा मागील ॲक्सल: ३.३१, ३.५५, ३.७३ की ४.१०?

२०११ ते २०१४ या मॉडेल-वर्षांतील पाच लिटर व्ही-आठ इंजिनाची फोर्ड मस्टँग जीटी अमेरिकेत वापरलेली घ्यायची म्हटले, की मागील ॲक्सलचा प्रश्न लगेच पुढे येतो. सहा गिअरच्या मॅन्युअल गाडीला कारखान्यातून ३.३१, ३.५५ आणि ३.७३ असे पर्याय होते; ४.१० चा संच गाडीमालक नंतर बसवून घेतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात, त्या मोठ्या (क्राउन) आणि लहान (पिनियन) दातेरी चाकांच्या जोडीच्या दातांचे हे गुणोत्तर आहे. ३.७३ मध्ये क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतात, ४.१० मध्ये ४१ आणि १०. आकडा मोठा, तितका इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, चाकापाशी पोहोचेपर्यंत अधिक वाढतो, आणि म्हणूनच ‘मोठा आकडा घ्या, गाडी उडेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते हा सल्ला अर्धाच खरा आहे, कारण त्यात गिअर कोणत्या वेगाला बदलावा लागतो याचा विचार केलेला नसतो.

या गाडीच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६६, दुसऱ्याचे २.४३ आणि तिसऱ्याचे १.६९ आहे, इंजिनाची मर्यादा ७,००० आरपीएम (मिनिटाला फेरे). १९ इंची चाकावरील २५५/४० टायरचा घेर सुमारे २.१६ मीटर धरला, तर ३.३१ ची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ११२ किलोमीटरपर्यंत जाते, ३.५५ ची १०५ पर्यंत, ३.७३ ची जेमतेम १०० पर्यंत आणि ४.१० ची ९१ पर्यंत. अमेरिकेत ज्या ताशी ६० मैलांवर गाड्यांची तुलना होते तो वेग ९६.६ किलोमीटरचा; म्हणजे ४.१० लावणाऱ्याला तिथे पोहोचण्याआधीच तिसरा गिअर टाकावा लागतो आणि त्या एका बदलात मिळवलेला फायदा बराचसा निघून जातो. एवढेच नव्हे, तर १०० ते ११२ या पट्ट्यात ३.७३ ची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएमच्या आसपास असते, तर ३.३१ ची अजून दुसऱ्यातच, ६,५०० आरपीएमला मिळणाऱ्या आपल्या ४१२ अश्वशक्तीच्या (२०१३ पासून ४२०) शिखराजवळ. त्या काही क्षणांत मागे राहिलेली वाटणारी गाडीच अधिक जोर लावत असते. ११२ नंतर दोन्ही तिसऱ्यात आल्या, की पारडे पुन्हा ३.७३ कडे झुकते, आणि १४४ ला तिला चौथा गिअर टाकावा लागताच पुन्हा उलटते.

दुसरी गोष्ट टायरच्या रस्त्यावरील पकडीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे ५२९ न्यूटन-मीटर आहे. ३.३१ चा सौम्य समजला जाणारा ॲक्सल असतानाही पहिल्या गिअरमध्ये चाकापाशी मिळणारा जोर, घर्षणातील घट वजा केल्यावरसुद्धा, गाडीच्या सुमारे १,६३० किलो वजनाच्या जवळपास भरतो. मागच्या दोन टायरांवर एवढा भार कधीच नसतो, त्यामुळे साध्या रस्त्याच्या टायरवर पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता येत नाही. तिथे ३.७३ चा ३.३१ पेक्षा सुमारे १२.७ टक्क्यांचा वाढीव टॉर्क फक्त धुरात जातो. मऊ रबराचे ड्रॅग टायर नसतील, तर आधी टायर घ्यावेत आणि मग क्राउन-पिनियनकडे वळावे.

मग मोठ्या आकड्याचा उपयोग कुठे? चालत्या गाडीत, त्याच गिअरमध्ये, शहरातल्या ५० च्या वेगावरून तिसऱ्या गिअरमध्ये ओढून घेताना, किंवा वळणानंतर बाहेर पडताना. हा फरक रोज जाणवतो आणि गाडी हलकी झाल्यासारखी वाटते. रोजच्या वापराची गाडी असेल तर मी ३.५५ घेईन. ३.३१ पेक्षा सात टक्के जास्त ओढ मिळते आणि दुसऱ्या गिअरमध्येच ६० मैलांचा टप्पा निवांत पार होतो. सर्किटवर नियमित जाणाऱ्याने ३.७३ चा विचार जरूर करावा. २०१२-१३ च्या बॉस ३०२ या मस्टँगच्याच आवृत्तीला कारखान्यानेच ३.७३ दिला होता, पण तिचे इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत फिरते आणि त्यामुळे दुसरा गिअर १०६ च्या आसपास पोहोचतो. उलट, सुपरचार्जरमुळे (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्रामुळे) ६६२ अश्वशक्ती देणाऱ्या २०१३ च्या शेल्बी जीटी५०० या मस्टँगला ३.३१ च होता. त्यामुळे सुपरचार्जर बसवण्याचा बेत असेल तर ३.३१ ला हात लावू नये.

हायवेवर सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन ३.३१ मध्ये सुमारे १,६६०, ३.५५ मध्ये १,७८०, ३.७३ मध्ये १,८७० आणि ४.१० मध्ये २,०६० आरपीएमवर फिरते. सहावा गिअर ०.६५ इतका लांब असल्याने ३.७३ सुद्धा लांबच्या प्रवासात त्रास देत नाही. ४.१० मध्ये मात्र गिअरबॉक्सपासून मागील ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्टही त्याच प्रमाणात वेगाने फिरतो आणि जास्त वेगाला थरथर सुरू होऊ शकते.

संच बदलणे हे फक्त नटबोल्टचे काम नाही. पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) लावून ठरवणे, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजणे, रंग लावून दातांवरचा स्पर्शाचा ठसा पाहणे, हे सगळे नेमके झाले नाही तर ॲक्सल आयुष्यभर रडत राहतो. नवे दात बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर गाडी सौम्यपणे चालवावी, आणि इंजिनाच्या संगणकात नवे गुणोत्तर भरून घ्यावे, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो.

वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने काय बसवले आहे हे विचारण्याबरोबरच स्वतः तपासावे. फोनच्या जीपीएसवर ताशी १०० चा स्थिर वेग धरून सहाव्या गिअरमध्ये आरपीएम वाचला आणि वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहिला, की ॲक्सल न उघडता गुणोत्तर कळते.