हागीचा चावान, आठ महिने वापरून झाल्यावर

ऑक्टोबरात हागीला गेलो होतो, आमच्या टोकियोहून बरंच लांब पडतं, यामागुची प्रीफेक्चरमध्ये. तिथल्या एका छोट्या भट्टीवाल्याकडून माच्याचा (म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा) हाताने केलेला मातीचा बोल घेतला, चावान म्हणतात त्याला. ९ हजार येन! बायको म्हणाली एवढ्यात डिनर सेट आला असता.

आणि पहिल्याच दिवशी गळला की राव. धार वगैरे नाही, पण उचलला की टेबलावर ओलं कडं. भट्टीवाल्याला फोटो पाठवला तर म्हणे हागीची माती सच्छिद्रच असते, तांदळाच्या पेजेत मंद आचेवर उकळा आणि तसाच गार होऊ द्या. दोनदा केलं, थांबलं. तरी प्रत्येक वेळी आधी पाण्यात भिजवतोच, नव्या माठासारखा.

आता डिझाइन. आधी मी सूपच्या बोलमध्ये माच्या घुसळायचो, चासेनची (बांबूची रवीच ती) टोकं कडेला आपटून तुटायची. इथे तळ रुंद नि गोलसर, त्यामुळे २ ग्रॅम पावडर, ७० मिलीच्या आसपास पाणी, हात सैल ठेवून फिरवली की फेस. मधोमध उथळ खळगा आहे, शेवटचा घोट तिथे गोळा होतो, कोणी किती विचार करावा! कान नाही, दोन्ही हातांनीच धरायचा, भिंत जाड म्हणून चटका बसत नाही. बुडाच्या कड्याला खाच कापलीये, ती पद्धत कोरियन बोलांवरून आली म्हणतात. पटतं, कारण सोळाव्या शतकातला जपानी सत्ताधीश हिदेयोशी याच्या स्वारीत कोरियातून आणलेल्या कुंभारांनीच १६०४ च्या सुमारास हे काम इथे सुरू केलं, आणि ते काही हौसेने आले नव्हते.

ग्लेझवर (वरच्या काचेसारख्या थरावर) बारीक तडे असतात, त्यात चहा मुरतो. घेतला तेव्हा फिकट गुलाबीसर होता, आता आतून तपकिरी जाळी उमटलीये. ‘हागीची सात रूपं’ म्हणतात ते हेच. बायकोला तो डाग वाटला, तिने साबण लावून घासला, मग आठवडाभर माच्याला लिंबाचा वास.

त्रास एकच, वाळवणं. जूनच्या पावसात ओलसरच कपाटात ठेवला तर बुडाला बुरशी. आता दोन दिवस उघड्यावर उपडा ठेवतो. मायक्रोवेव्ह विसरा. आल्याचा दुधाचा चहा तर चुकूनही नको, त्याला स्टीलचा पेला आहे.

चहाच्या बोलांबद्दल जपानात म्हण आहे, पहिलं राकू, दुसरं हागी, तिसरं कारात्सु, तिन्ही मातीच्या भांड्यांचे प्रकार. राकू खिशाला झेपणार नाही, कारात्सुसाठी पैसे साठवतोय, घरी अजून सांगितलेलं नाही.