टिहरी तलाव: बोटीत बसा, काठावरून उडी मारू नका

पुण्याहून ऋषिकेश-मसुरीची सहल आखताना हल्ली टिहरीचा एक दिवस हमखास घुसवला जातो. दिवस वाया जात नाही, पण निवांत डुंबायच्या बेताने गेलात तर फसाल. हे २६०.५ मीटर उंच धरणाचं पाणी आहे. भागीरथी आणि भिलंगना इथे अडवल्या आणि जुनं टिहरी शहर त्याखाली गेलं.

तलाव भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ८३० मीटर, उपसला की ७४०पर्यंत. खडकवासल्याची चौपाटी पाहिलेल्यांना हा नव्वद मीटरचा फरक पटकन पचत नाही. तलाव भरतो पावसाळा सरताना आणि तळ गाठतो मे-जूनमध्ये, म्हणजे नेमका आपल्या शाळांच्या सुटीत. तेव्हा काठ म्हणजे भुसभुशीत मातीची घसरण. पाय सुटला की थेट खोलात, कारण कमरेएवढ्या पाण्याचा पट्टा जवळपास नसतोच. त्यापेक्षा दिवाळीची सुटी उत्तम. मे महिन्यात चारधामच्या गाड्यांनी ऋषिकेश तुंबतं, ते वेगळंच.

ऋषिकेशहून चंबामार्गे कोटी कॉलनी साधारण ८० किलोमीटर, घाटामुळे तीन तास धरा. बोटिंग इथूनच होतं. आदल्या रात्री नवी टिहरी किंवा चंब्याला मुक्काम केला तर सकाळी लवकर पाण्यावर जाता येतं. दुपारनंतर दरीतून वारा चढतो, पाणी उसळू लागतं आणि कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) वळवताना हात भरून येतात.

पुण्यातल्या टिळक टँकवर रोज पोहत वीस फेऱ्या मारणाऱ्यांनीही इथे लाइफ जॅकेट काढू नये. पाणी हिमनद्यांचं. गार पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपोआप जोरात ओढला जातो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. तेव्हा हातपाय न मारता उताणं तरंगायचं. श्वास ताळ्यावर आला की मग हलायचं.

जॅकेट मिळालं की बक्कल लावून कुणाला तरी ते दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, लहान मागा. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खाली आणि जॅकेट वर. फोम दाबल्यावर चपटाच राहिला तर ते बाद. आणि जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात: ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार देतं, शुद्ध हरपलेल्याला उताणं करण्याच्या भरवशाचं नाही. त्यासाठी कॉलरवालं, निदान १०० न्यूटनचं लागतं.

जेट स्की (पाण्यावरची स्कूटर) मजेची, पण फेरी पाहता पाहता संपते. स्वतः चालवणार असाल तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवल्याशिवाय किल्ली फिरवू नका. पडलात तर तीच स्की थांबवते. आणखी एक, वळायचं असेल तेव्हा थ्रॉटल (वेग देणारा खटका) सोडू नका. जेट स्की पाण्याच्या झोताने वळते, झोत गेला की हँडल फिरवूनही ती सरळच जाते. समोरच्याला धडक बसते ती बहुधा अशीच.

पैसे मोजावेत ते कयाकवर. स्पीडबोटीची लाट आली की कयाकचं नाक तिच्याकडे तिरकं वळवा. आडवी घेतलीत तर उलटाल. उलटलात तरी कयाक सोडू नका, दुरून तीच दिसते.

बनाना राइडवर, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या फुगवलेल्या केळ्यावर, इथे पैसे घालवू नका; ती पुण्याजवळ पानशेतलाही मिळते.

कोरडे कपडे गाडीत नको, जेटीवर ठेवा. पाणी उतरलेलं असताना वरच्या पार्किंगपर्यंतची चढण ओल्या जीन्समध्ये फार लांब वाटते.