अ‍ॅड्रेसेबल फायर अलार्म: एक पावसाळा, एक दिवाळी वापरून झाल्यावर

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या पाच मजली ऑफिस बिल्डिंगमध्ये आधी कन्व्हेन्शनल, म्हणजे फक्त झोन दाखवणारा, पॅनल (अलार्मची मुख्य पेटी) होता. वाजला की ‘झोन ३’चा दिवा लागायचा, म्हणजे अख्खा तिसरा मजला. वॉचमन एकेक दार वाजवत फिरायचा आणि निम्म्या ऑफिसांना कुलूप. पुढे पुढे कुणी मनावरच घेईना. भोंगा चालू आणि सीएकडची मंडळी आपली रिटर्न भरतायत!

अ‍ॅड्रेसेबलमध्ये प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो. पॅनलवर सरळ मजला आणि खोली येते. मात्र नावं इंग्रजीत, आणि रात्रपाळीच्या काकांना ती वाचता येईनात. म्हणून पॅनलशेजारी मराठीत नकाशा लावला, पत्त्यांच्या आकड्यांसकट. आता ते थेट त्या दाराशी जातात.

पावसाळ्यात बारीक पाखरं स्मोक डिटेक्टरच्या आत शिरली आणि दोनदा उगाच वाजलं. पण कुठला डिटेक्टर ते लगेच कळलं, साफ केला, मिटलं. पॅन्ट्रीत स्मोक डिटेक्टर अजिबात लावू देऊ नका. पोह्यांच्या फोडणीला वाजतो. तिथे ५७ अंशांचा हीट डिटेक्टर घेतला. लक्ष्मीपूजनाच्या धुपाने दुसऱ्या मजल्यावर वाजलंच, त्याला इलाज नाही.

वायरिंग लूपमध्ये असतं, म्हणजे पॅनलमधून निघून फिरून परत पॅनललाच येतं. इंटिरियरवाल्याने सीलिंगमधली केबल कापली तेव्हा पॅनलवर फॉल्ट आला, पण बाकी डिटेक्टर दुसऱ्या बाजूने चालू राहिले. शॉर्ट झालं असतं तर गोष्ट वेगळी. तिथे आयसोलेटरच (शॉर्ट झालेला तुकडा वेगळा काढून बाकी लूप चालू ठेवणारे) वाचवतात. पहिल्या कोटेशनमध्ये ते नव्हतेच, मागून घालून घेतले. फॉल्स सीलिंगच्या वर ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी असेल तर आयएस २१८९ (फायर अलार्मचं भारतीय मानक) प्रमाणे तिथेही डिटेक्टर लागतात. हेही कोटेशनमधून हमखास गळतं.

आता तक्रार. आमचा पॅनल क्लोज्ड प्रोटोकॉलचा (प्रोटोकॉल म्हणजे पॅनल आणि डिटेक्टरची आपसातली भाषा), म्हणजे डिटेक्टर त्याच कंपनीचे. एका भाडेकरूने केबिन हलवली, तर नुसतं नाव बदलायला इंजिनिअर लॅपटॉप घेऊन मुंबईहून आला आणि व्हिजिट चार्ज लावून गेला. पासवर्ड आम्हाला देत नाहीत. ओपन प्रोटोकॉल, म्हणजे इतर कंपन्यांचेही डिटेक्टर चालतील असा, मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्या, आणि पासवर्ड व प्रोग्रॅमिंगची फाइल सोसायटीच्या ताब्यात देणार हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. एजन्सीवाला नुसता सही करून जाऊ पाहतो. त्याला पॅनलचा इव्हेंट लॉग दाखवायला सांगा. कुठला डिटेक्टर कधी टेस्ट केला ते त्यात तारीखवार असतं, आणि एकही नोंद नसेल तर बिल थांबवा.

तळमजल्यावर दोन गाळे एवढीच जागा असेल तर हा खर्च करू नका, कन्व्हेन्शनल पुरे. आणि रंगकाम झाल्यावर डिटेक्टरवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढल्यात का ते शिडी लावून स्वतः बघा. आमच्या जिन्यात एक टोपी महिनाभर तशीच होती.